पाचटाच्या छपराखालून

बेल मार, मॉरिशस
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. आजी, ती. आप्पा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी इथे सुखरूप आहे. खाणं, झोप, काम सगळं व्यवस्थित चाललंय. फोन रोज होतो, पण ‘जेवलीस का, झोपलीस का’ यापुढे गाडी जात नाही आणि आजीला फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही. म्हणून हॉटेलने टेबलावर ठेवलेल्या कागदांवर सगळं लिहून काढते. पानांचे फोटो दादाच्या फोनवर पाठवीन. दादा, रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांना बसवून सावकाश वाच. मधला बराचसा मजकूर आप्पांसाठी आहे आणि शेवटी एक मागणं आहे, तेवढं गाळू नकोस.

आई, तू परवा विचारलंस की कंपनीने एवढ्या महागड्या हॉटेलात कशाला ठेवलंय. आमची बैठकच या हॉटेलच्या सभागृहात आहे. बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेलं चिपाड, जाळून कारखान्यात जास्त वीज कशी काढायची, यावर बोलायला दक्षिण आफ्रिका, ब्राझील, शेजारचं रियुनियन बेट अशा ऊसवाल्या मुलखांतून माणसं आली आहेत. आमच्या बॉयलरची माहिती द्यायला मी आहे. बेल मार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे आणि बघायचा कारखानाही याच बाजूला. सकाळी गाडी येते, दुपारपर्यंत कारखाना, मग सभागृहात चर्चा. संध्याकाळ माझी.

खोली म्हणजे एक स्वतंत्र बंगलीच आहे. पुढचं दार उघडलं की चार पावलांवर वाळू आणि वाळूपलीकडे समुद्र. पलंगावर चार माणसं आरामात झोपतील. न्हाणीघराचा अर्धा भाग उघडा आहे, काळ्या दगडाच्या उंच भिंतीच्या आत आभाळाखाली अंघोळ करायची. दिवसभर कारखान्यात राख आणि काजळी अंगावर घेऊन आल्यावर त्या गरम पाण्यासारखं सुख नाही, आणि ते मी मनापासून घेते. परत येते तोवर खोली झाडून-पुसून झालेली असते, चादरीवर सुरकुती नसते, पाण्याचा तांब्या भरलेला असतो आणि उशीपाशी जास्वंदीचं एक फूल ठेवलेलं असतं.

समुद्र आपण गणपतीपुळ्याला पाहिला तसा नाही. या बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाची रांग आहे. मोठ्या लाटा तिथे लांबवरच फुटतात. किनाऱ्यावरून नुसती एक पांढरी रेघ दिसते आणि बारीक घरघर ऐकू येते. अलीकडचं पाणी कमरेएवढं, निवांत आणि इतकं स्वच्छ की आपल्या पायाची बोटं दिसतात. आजी, तुझे गुडघे असेच दुखत असले तरी इथे तू हात धरून पाण्यात उतरली असतीस. वाळू पांढरी आहे, कारण ती दगडाची नव्हे, प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे. किनाऱ्यालगत सुरूची झाडं आहेत, दापोलीकडे असतात तीच, आणि वारा आला की तोच सूं-सूं आवाज.

दादा, एक गोष्ट तुझ्या भूगोलाच्या तासासाठी. वाळू पांढरी असली तरी बेट काळं आहे. खडक, कुंपणं, जुन्या गिरण्यांची धुराडी, सगळं आपल्या विहिरीतून निघतो तसल्या बेसाल्टचं. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या एका तप्त जागेतून साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर आला आणि आपलं दख्खनचं पठार झालं, तीच जागा पुढे समुद्राखाली राहिली. भारताचा तुकडा तिच्यावरून उत्तरेला सरकला. मग मालदीव, नंतर चागोस आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी हे मॉरिशस. रियुनियनवर ती आजही धगधगते आहे. म्हणजे आपल्या माळावरचा कातळ आणि माझ्या न्हाणीघराची भिंत एकाच घराण्यातली. पोरांना नकाशावर ती ओळ काढायला लाव, त्यांना फार आवडेल.

आता आप्पा, तुमच्यासाठी ऊस.

विमानतळावरून इथे येईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस होता. डचांनी १६३९ मध्ये जावा बेटावरून तो आणला. पुढे फ्रेंचांनी वाढवला आणि १८१० ला बेट घेतल्यावर इंग्रजांनी तर सगळं बेट उसाखाली घातलं. एके काळी इथे अडीचशेहून जास्त गिरण्या होत्या, आता ३ मोठे कारखाने उरलेत. युरोपने २००६ पासून साखरेचा ठरलेला भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा बारके कारखाने बंद करून मोठ्यांत मिळवले. गळीत जूनमध्ये सुरू होतं आणि डिसेंबरला आटोपतं, म्हणजे आपला कारखाना सुरू व्हायच्या वेळेला यांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो. आपल्याकडे ८६०३२ तशी इथे आर ५७० ही जात नावाजलेली. लागण एकदा केली की त्याच बुडख्यातून फुटणारे खोडवे सहा-सात वर्षं सहज घेतात. तुम्ही तिसऱ्या खोडव्यालाच नांगर घालता, म्हणून मुद्दाम विचारून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की पाचट, उसाचा वाळला पाला, न जाळता सरीत ठेवलं, तण दाबलं, ओल टिकवली की बुडखा दमत नाही. आपल्या कृषी खात्याची माणसंही हेच सांगत असतात. इथे ते डोळ्यांनी बघितलं. तोडणी झालेल्या रानात पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत पाचट, आणि खाली हात घातला तर माती गार.

कारखान्यात बगॅसचा कणही वाया जात नाही. हंगामात कारखाना स्वतःची वीज भागवून उरलेली बेटाला देतो. बॉयलर उंच दाबाचे आहेत आणि देखभाल चोख. आमच्या यंत्रात त्यांनी रस दाखवला आहे, पुढचं बोलणं डिसेंबरात होईल. त्याबद्दल एवढंच.

पण शेतात एक गोष्ट बघितली, ती डोक्यातून जात नाही. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आहेत, काही घराएवढे उंच, रचलेले. पहिल्यांदा मला देवळाचे अवशेष वाटले. गाडीच्या चालकाने सांगितलं की हे सगळे दगड रानातून हातांनी वेचून काढलेले आहेत. आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी, नंतर आपल्या माणसांनी. ऊस लावता यावा म्हणून.

‘आपली माणसं’ मी उगीच म्हणत नाही. आयोजकांनी आम्हाला पोर्ट लुईला, राजधानीत, आप्रवासी घाट, म्हणजे मजूर उतरायचा जुना धक्का, दाखवायला नेलं होतं. १८३५ मध्ये इथली गुलामी संपली, पण मळेवाल्यांना हात हवेच होते. त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून हिंदुस्थानी मजुरांची पहिली तुकडी उतरली होती. तिथून १९२० पर्यंत जवळजवळ ५ लाख माणसं कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांतून इकडे आली. करार ५ वर्षांचा, मजुरी महिना ५ रुपये. दगडी पायऱ्या चढून वर यायचं, एका खोलीत दोन रात्री काढायच्या, नंबर घ्यायचा आणि मळ्यावर जायचं. पुढे प्रत्येकाला फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की अटक. आप्पा, नियम असा होता की एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. आमच्यासोबतच्या ब्राझीलच्या गृहस्थांना ते ऐकून धक्का बसला. मला आपल्याकडच्या ऊसतोड टोळीचा मुकादम आणि त्याच्या वहीतला खाडा आठवला. माणूस तापाने पडला तरी खाडा पडतो आणि उचलीतून पैसे वळते होतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

आता हॉटेलचं छप्पर. आई, या बंगल्यांचं छप्पर उसाच्या पाचटाचं आहे.

खरंच. आधी वाटलं गवत असेल. एका संध्याकाळी शेजारच्या बंगलीवर दुरुस्ती चालली होती, तेव्हा जवळ जाऊन बघितलं. साठीचा एक कारागीर शिडीवर आणि त्याचा पोरगा खाली. पोरगा वाळलेलं पाचट झटकून, बुडखे एका बाजूला घेऊन हाताच्या मनगटाएवढ्या पेंढ्या बांधून वर देत होता. कारागीर ती पेंढी आडव्या काठीवर दुमडायचा, दोरीचा एक वेढा आणि गाठ, की पुढची. सुरुवात खालच्या वळचणीपासून, मग वर वर, प्रत्येक थर खालच्या थराच्या गाठी झाकत. उतार चांगला तीव्र, म्हणजे पाणी थांबतच नाही, पाना-पानावरून निथळून जातं. शेवटी वळचण कोयत्याने एका रेषेत कापली. जाडी वीतभर. आतून बघितलं तर गाठी ओळीने दिसतात, एकही वाकडी नाही. काही वर्षांनी बदलावं लागतं, पण तोवर आत इतकं गार राहतं की भर दुपारी मी पंखासुद्धा लावत नाही. पानांच्या मधे हवा अडकते, त्याचा गुण. तापमापी घेऊन मोजलं नाही, पण कातडीला कळतं.

रात्री त्या पलंगावर पडलं की नजर छपरावर जाते. वर तेच पाचट आहे ज्याला आपण फडात काडी लावतो, आणि तेच पाचट आहे ज्याची कोपी बांधून आपल्या माळावर ऊसतोडीला आलेली बीडकडची माणसं पाच-सहा महिने राहतात. इथे ते वाकबगार हातांनी बांधलेलं आहे, खाली लाकडी जमीन आहे, नळाला गरम पाणी आहे, दाराला कडी आहे. तिथे बांबूच्या चार कमानींवर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद टाकलेला असतो, वाकून आत जावं लागतं आणि खाली माती. मी हिशेब केला. गेल्या करारात तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं, तर इथलं एका रात्रीचं भाडं म्हणजे एका कोयत्याची महिन्याहून जास्त दिवसांची कमाई. हे भाडं माझ्या खिशातून जात नाही, आणि मी नाही राहिले म्हणून ते कुणा कोयत्याला मिळणारही नाही, हे मला कळतं. पण एकदा मांडलेला हिशेब पुसला जात नाही.

माझी खोली आवरायला येतात त्या बाई साधारण आपल्या आईच्या वयाच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला हिंदीत विचारलं, कुठून आलीस? ‘पुण्याहून, पण गाव सांगलीकडचं, घरचा ऊस आहे,’ म्हटल्यावर त्या हातातली चादर तशीच धरून बोलत राहिल्या. त्यांचे पूर्वज बिहारचे. आजी रानातले दगड डोक्यावरून वाहायची. आई याच भागात ऊस तोडायची. कारखाने एकत्र झाले तेव्हा मजुरांना स्वेच्छानिवृत्ती दिली, रोख रक्कम आणि घरापुरती जागा. त्या जागेवर त्यांनी सिमेंटचं पक्कं घर बांधलं, कारण इथे उन्हाळ्यात चक्रीवादळं येतात आणि पत्रे उडून जातात. मुलगी आता परिचारिका आहे. त्या पहाटेची बस धरून येतात आणि संध्याकाळच्या बसने जातात. मी विचारलं, तुमच्या घरावर पाचट नाही? त्या म्हणाल्या, ‘माझ्या आजीच्या झोपडीवर होतं. आम्ही किती कष्टाने त्याच्याखालून बाहेर आलो, आणि आता लोक पैसे मोजून त्याच्याखाली झोपायला येतात.’ त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चादर चारी कोपरे खेचून नीट केली आणि फूल ठेवून गेल्या.

पहाटे पाचला जाग येते, कारण आपल्या घड्याळात तेव्हा साडेसहा झालेले असतात. त्या वेळी वाळूवर माणसं असतात. लांब दांड्याची दंताळी घेऊन रात्रीत आलेलं शेवाळ ओढतात, ढीग करून गाडीत भरतात आणि कालच्या पावलांच्या खुणा मोडून वाळू सारखी करतात. पाहुणे उठून येतात तोवर ती माणसं नाहीशी झालेली असतात आणि किनारा कोरा. मला तो कोरा किनारा बघण्यापेक्षा ती माणसं असताना जाणं आवडतं. एक जण रोज हात वर करून ‘बोंझू’ म्हणतो, मी नमस्कार करते. त्यांच्यात आता बांगलादेश आणि नेपाळहून करारावर आलेली पोरंही असतात असं ऐकलं. इथली तरुण मुलं उसात आणि असल्या कामात फारशी येत नाहीत, तेव्हा पुन्हा बाहेरून हात आणावे लागतात.

इथला एक कायदा मला फार आवडला. भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची. त्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरची पट्टी मुळात सरकारची, हॉटेलांना ती भाडेपट्ट्याने मिळते. जुन्या फ्रेंच मापातले २५० फूट म्हणून आकडा असा अपूर्णांकात आहे. त्यामुळे हॉटेल कितीही मोठं असो, पाण्याच्या कडेने चालणाऱ्याला रखवालदार अडवू शकत नाही. आमच्या हॉटेलच्या हद्दीला लागूनच सार्वजनिक किनारा आहे. रविवारी तिथे सुरूच्या झाडांखाली अख्ख्या बेटावरची कुटुंबं लोटली होती. मोठमोठी पातेली, चटया, गाणी, ढोल, पाण्यात पोरं. जवळच प्रवाळ जाळून चुना करायची जुनी दगडी भट्टी उभी आहे. रस निवळायला चुना लागतो हे आप्पांना सांगायला नको. साखरेने इथली कुठलीच जागा सोडलेली नाही.

तिथेच मला आपली माणसं भेटली, आणि या वेळी खरंच आपली. एका चटईवर नऊवारी नव्हे, साधी साडी नेसलेल्या, पण कपाळावर आजीसारखं मोठं कुंकू लावलेल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. माझ्या गळ्यातल्या गणपतीकडे बघून त्यांनी जवळ बोलावलं. पश्चिमेच्या कास्काव्हेल गावच्या, मराठी. पूर्वज रत्नागिरीकडचे. मराठी सलग बोलता येत नाही, नातीने मधे इंग्रजीत सांगितलं. पण आरती सगळी पाठ, एकाही ओळीत न अडखळता. नात शाळेत मराठी विषय शिकलेली. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि त्यांच्याकडे गणपतीत झाकरी नाचतात, कोकणातली जाखडीच ती. त्यांनी मला डाळपुरी खायला घातली. आई, ही पुरणपोळीची तिखट बहीण समज: पातळ पोळीत शिजवलेली, हळद घातलेली डाळ कोरडी भरलेली, वर घेवड्याची उसळ आणि टोमॅटोची चटणी. तुला नक्की जमेल, आल्यावर करू. हॉटेलातही बुधवारी रात्री इथलं जेवण असतं, तीच डाळपुरी चांदीच्या झाकणाखाली ठेवतात, पण चटईवरची जास्त चांगली होती.

हॉटेलच्या न्याहारीला किती प्रकार असतात ते लिहायला बसले तर पान संपेल. साखरच चार रंगांची असते, पांढरीपासून काकवीचा वास येणाऱ्या गडद साखरेपर्यंत. बेट आता हीच खास साखर जगाला विकतं. दोन पुड्या आणते आहे, आप्पा चहात घालून बघा. एकादशीला स्वयंपाकघरातल्या लोकांनी विचारून विचारून मला फळं आणि उकडलेले बटाटे दिले. आई, उपास मोडला नाही.

पाचटाचं अजून एक सांगते आणि मग मागणं. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ नावाचं एक जपानी मालकीचं जहाज इथल्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. सरकारी मदत पोचेपर्यंत लोक थांबले नाहीत. त्यांनी कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि पाण्यावर बांध घातला. केस कापून दिले, कारण केस तेल धरतात. आमच्या चर्चेला येणारे इथले एक अभियंते तेव्हा तीन रात्री पाचट भरत होते. बोलताना त्यांनी हाताचे तळवे उघडून दाखवले, पाचटाची धार कशी कापते ते. मी म्हटलं, मला माहीत आहे.

तर आता मागणं.

आप्पा, महिन्याभरात आपल्याकडे कारखाना सुरू होईल आणि ट्रॅक्टरची टोळी नेहमीसारखी आपल्या माळावर उतरेल. आई त्यांना ताक देते, आजी जुनी लुगडी देते, तुम्ही मोटारीचं पाणी कधी अडवलं नाहीत. गावात याहून जास्त कुणी करत नाही, हे मी जाणते. पण बायका अंधारात उसात जातात. गेल्या पौषात एक ओली बाळंतीण मोटारीच्या गार पाण्याखाली लेकरू धुत होती, ते मी घरी आले असताना बघितलं आणि पुण्याला परत गेले. तुम्ही म्हणाल, राहायची सोय मुकादमाने आणि कारखान्याने करायची. बरोबर आहे, त्यांनीच करायला हवी, आणि दादाने तसा अर्ज कारखान्याकडे द्यावाच. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत हंगाम संपतो, आणि माळ आपला आहे.

म्हणून माझा बेत असा. माळाच्या दक्षिणेकडच्या पडीक तुकड्यावर दहा कोयत्यांना पुरेल अशी एक लांब शेड घालायची. खाली कोबा, मधे मधे भिंती, प्रत्येक खणाला दार आणि आतून कडी. वर पत्रा, आणि पत्र्यावर पाचटाचे बांधीव थर, मी इथे बघितलेत तसे, म्हणजे माघ-फाल्गुनात आत भट्टी होणार नाही. चुली मात्र शेडपासून लांब, उघड्यावर, कारण पाचटाला ठिणगी पुरते. दोन संडास बायकांना आणि दोन पुरुषांना, दोन शोषखड्ड्यांचे. खड्डे विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवेत. गवंडी सोयीचं म्हणून विहिरीजवळ घ्यायला बघेल, दादा, तिथे ऐकू नकोस. न्हाणीला आडोसा आणि एक नळ, मोटारीच्या टाकीवरून. रात्रभर जळणारा एक दिवा संडासाच्या वाटेवर. नकाशा मी सोबतच्या शेवटच्या पानावर काढलाय, मापांसकट. कारागिराकडून पेंढीची गाठही शिकून घेतली आहे, आल्यावर दाखवीन.

पैसे माझे. या वर्षीचा बोनस आणि गाडीसाठी साठवलेले. गाडी पुढच्या वर्षी घेईन, ट्रेनने येणं-जाणं चाललंच आहे. आप्पा, तुमच्याकडून मला जागा हवी आहे आणि एक शब्द हवा आहे, की या वेळी फड तुटला की पाचट पेटवायचं नाही. निम्मं सरीत आणि निम्मं छपराला. वहिनी, टोळीतल्या बायकांना काय हवं ते तू आधी विचार. त्या आल्यावर पहिल्याच दिवशी, पुरुषांच्या माघारी. मी कागदावर काढलेल्यात काही कमी असेल तर त्या सांगतील आणि ते आधी करायचं.

दादाने उद्याच गवंड्याला गाठावं. दिवाळीत कुणी कामाला मिळत नाही, त्याआधी निदान कोबा आणि खड्डे व्हायला हवेत. पुढच्या शुक्रवारी रात्री मुंबईत उतरेन, शनिवारी दुपारपर्यंत घरी. आप्पा, तोवर तुमचं उत्तर ठरवून ठेवा, आणि ठरवताना आईला आणि वहिनीला विचारा.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. आजी, औषध चुकवू नकोस.

तुमची लेक